इंग्रजी डब आणि आण्णांचा माईक

गेल्या महिन्यात बारावीच्या वर्गात एका पोरीनं मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, डब बघणारी माणसं ॲनिमे बघतच नसतात."

गारगोटीच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. तासाची शेवटची दहा मिनिटं गप्पांची असतात. त्यात मी सहज बोलून गेले होते की जुनी जपानी मारामारीची ॲनिमे मी अजून बघते आणि इंग्रजी आवाज भरलेलीच, म्हणजे डब, बघते. झालं! अख्खा वर्ग माझ्यावर तुटून पडला. जपानी आवाज ऐकायचा आणि खाली सबटायटल वाचायचं, हाच म्हणे खरा प्रकार. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "डब म्हणजे भेसळ, मॅडम." भेसळ! म्हैस दारात उभी करून समोर धार काढलेलं दूध पिणाऱ्या जिल्ह्यातली मी, आणि हा मला भेसळ शिकवतोय.

मी म्हटलं, "बस खाली. तू मारामारी बघतोस की वाचतोस? तुझे डोळे खालच्या अक्षरांत, आणि वर माणूस आडवा झाला तरी तुला पत्ता नाही." वर्ग हसला, घंटा झाली, पोरं पळाली. पण माझं डोकं गरमच राहिलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्या पोराला मनातल्या मनात आणखी पाऊण तास झापलं. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथं सांगते.

आमचं घर कळंब्याच्या रस्त्याला. आण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि यात्रांच्या हंगामात कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचे. कुस्तीचं निवेदन म्हणजे नुसती नावं पुकारणं नव्हे. कोण कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, डावांत कुणाचा पट चांगला, कुणाची ढाक, सगळं बोलता बोलता सांगायचं. मातीत दोघं एकमेकांना धरून दहा दहा मिनिटं नुसते उभे असले तरी लांब कौलावर चढून बसलेल्या माणसाला सुद्धा वाटलं पाहिजे, आत्ता काहीतरी होणार. आण्णांचा आवाज भरदार होता. वारं आमच्या बाजूचं असेल तर पलीकडच्या वाडीतही ऐकू जायचा, असं लोक म्हणायचे, आणि आण्णा ते खोडून काढायचे नाहीत.

मी पाचवी-सहावीत असताना शाळा सुटून घरी यायचे आणि केबलवर ती कार्टून लागायची. आम्ही कार्टूनच म्हणायचो. ॲनिमे हा शब्द नंतर आला. जपानी चित्रं आणि तोंडात इंग्रजी. हीरोचे केस उभे, डोळे बशीएवढे, अंगातून उजेड निघतोय, आणि मारायच्या आधी पाच मिनिटं भाषण. मला इंग्रजीतला शब्द न् शब्द कळत होता असं म्हणणार नाही. दहातले दोन कळायचे. पण आवाज असे दणकट की बाकीचे आठ आपोआप कळल्यासारखे वाटायचे. ती माणसं गुळमुळीत बोलत नव्हती. जे काय असेल ते छाती काढून. आमच्या गल्लीत कांदा महाग झाल्याचं सांगतानाही माणूस तसाच बोलतो, त्यामुळं मला ते इंग्रजी परकं वाटलंच नाही. शाळेतलं इंग्रजी परकं वाटायचं.

लेथवरची पहिली पाळी असली की आण्णा तोवर घरी आलेले असायचे. चहाची बशी हातात घेऊन ते उभ्याउभ्याच बघायचे. पहिल्या दिवशी हीरोनं आरोळी ठोकून आपल्या डावाचं नाव सांगितलं आणि मग डाव टाकला. आण्णांना ठसकाच लागला.

"आगं, डाव टाकायच्या आधी डावाचं नाव सांगतोय ह्यो! समोरचा काय बेंदराचा बैल हाय व्हय, हुबा राहून ऐकून घ्यायला?"

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी बसले. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हतं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "ह्यो दमलाय बघ आता." मी बघायचे तर खरंच हीरो गुडघ्यावर आलेला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "शब्द राहू दे लेका. दम ऐक." मला ते लेकाच म्हणायचे.

मग एके दिवशी त्यांना शंका आली. ही माणसं जपानी, तोंडं जपानी बोलण्यासाठी काढलेली, मग इंग्रजी कोण बोलतंय? मी शाळेतल्या सरांना विचारून आले आणि सांगितलं की चित्र तयार झाल्यावर दुसरे लोक खोलीत बसून आवाज भरतात. तोंड उघडलं की बोलायला सुरुवात करायची, मिटलं की थांबायचं. आण्णांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी आमचंच काम की ह्ये! मातीत पैलवान बोलत न्हाय. त्याच्या अंगाकडं बघून आपुन बोलायचं. त्यानं पाय टाकला की आपलं वाक्य सुरू, आणि त्यो मोकळा व्हायच्या आत वाक्य खलास. मागं राहिलं तर लोक हसत्यात."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या अदृश्य माणसांना मान मिळाला. आण्णा त्यांना "डबिंगवालं" म्हणायचे. एखाद्या मारामारीत आवाज चांगला लागला की "डबिंगवाल्यानं आज खाल्लेलं जिरवलं बघ" अशी शाबासकी मिळायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण आलंय. म्हणूनच त्या मागच्या बाकावरच्या पोराचा मला एवढा राग आला. जपानी आवाज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कॉलेजात असताना मैत्रिणीकडच्या डीव्हीडीवर दोन्ही भाषा मिळाल्या, तेव्हा मी मुद्दाम आण्णांना दोन्ही ऐकवल्या. जपानी हीरोचा आवाज बारीक, टोकदार. इंग्रजीतला जाड, घोगरा. मला वाटलं आता आण्णा एकाला खरा म्हणणार आणि दुसऱ्याला खोटा. त्यांनी दोन्ही दोनदा ऐकलं आणि म्हणाले की दोघांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही, दोघंही त्या चित्रातल्या गड्याकडं बघून बोलतायत, तवा दोघंही खरे.

त्याच डीव्हीडीवर मी आणखी एक गंमत बघितली. इंग्रजी आवाज चालू ठेवून खाली इंग्रजी सबटायटलही लावलं, तर दोन्हींचे शब्द वेगळे! खाली लांबलचक वाक्य आणि तोंडात चार शब्द. पोरं याला गद्दारी म्हणतात. मी म्हणते हीच कारागिरी. तोंड जेवढं उघडतं तेवढ्यातच तुम्हाला राग, दुःख, शिवी, शपथ सगळं बसवायचंय. जरा बसवून दाखवा.

आणि शेवटी इंग्रजी आवाज देणाऱ्यांच्या नावांची यादी सरकत गेली तेव्हा मी थांबवून वाचली. हीरोच्या नावापुढं बाईचं नाव होतं. लहानपणीचा तो हीरो, ज्याच्या आरोळीनं डोंगर फुटतो, त्याचा आवाज एका बाईनं दिला होता. मी घरी येऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला.

"बाई?"

"बाई."

"मग बिघडलं कुठं? शोभतोय की आवाज," ते म्हणाले आणि तंबाखूचं पान लावायला लागले.

पानाचा उल्लेख आला म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी आण्णांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढावी लागली. माणूस वाचला, आवाज गेला. मी तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मोठमोठ्यानं रडले. आण्णा रडले नाहीत. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणलं, तर त्यांनी एकदाच लावलं, खर्रर्र झालं आणि ते कपाटात टाकून दिलं. ओठांनी मला म्हणाले, "लेथ लागल्यागत वाटतंय." त्यांचे ओठ वाचायला मला पंधरा दिवस लागले, आईला एक. पाहुणेरावळे आले की त्यांना काही कळायचं नाही, मग आण्णा मान हलवून आत निघून जायचे.

पुढच्या हंगामाच्या आधी शाहूवाडीकडच्या एका गावचे दोन पंच आमच्या घरी आले. त्या गावच्या यात्रेतल्या मैदानात आण्णा तीस वर्षं माईकवर होते. पहिल्या जोडीपासून शेवटच्या, सगळ्यात मोठ्या एक नंबरच्या कुस्तीपर्यंत माईक दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. पंचांनी चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली, आणि थोरले पंच म्हणाले, "आण्णा, यंदा मैदानात तुमचा सत्कार करायचं ठरवलंय. फेटा, शाल, समदं. माईकला सांगलीकडचा एकजण बघितलाय."

सत्कार म्हणजे निरोप, हे न कळायला आम्ही कुणी दूधखुळे नव्हतो. आण्णांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"माईक मी घेतो," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही घेतो, जातोच म्हणतात.

धाकटे पंच माझ्याकडं बघायला लागले. "तुमी? बाईमाणूस? कुस्तीच्या फडात?"

"फडात उतरत न्हाय मी. स्टेजवरनं बोलतोय. कुस्ती मी ह्यांच्या मांडीवर बसून बघितल्याली हाय."

"पर बाईचा आवाज चालतोय व्हय?"

माझं टाळकं सणकलं. "ज्या गड्याच्या एका आरोळीनं डोंगर फुटतोय, त्याला आवाज बाईनं दिलाय, म्हाईत हाय काय?"

"कुठला डोंगर?" थोरल्या पंचांनी अगदी काळजीनं विचारलं.

आईनं पदर तोंडाला लावला. पण पंच बरे होते. बराच खल झाला आणि शेवटी असं ठरलं की बारक्या जोड्यांना मी बोलायचं. जमलं तर एक नंबरच्या कुस्तीलाही मीच. नाही जमलं तर सांगलीवाला शेजारी बसलेला असेलच. माझ्या डोक्यात मग एकच गोष्ट राहिली. एक नंबरच्या कुस्तीचा माईक दुसऱ्याच्या हातात गेला की आण्णांची तीस वर्षांची जागा गेली. ती जागा मला घरात ठेवायची होती, काय वाट्टेल ते करून.

आणि मग मी माती खाल्ली. आण्णांच्या निवेदनाच्या जुन्या कॅसेटी बाहेर काढल्या आणि महिनाभर घोटल्या. त्यांचं "ऐका मंडळी", त्यातला त्यांचा तो ओढलेला "ऐ", नाव पुकारायच्या आधीचा खाकरा, हलगी थांबली की घ्यायची ती उसंत, सगळं. आवाज जाड करायला छातीतून बोलले. सकाळी भाकरी थापताना आई दचकायची. आण्णा तेवढ्या वेळात कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसायचे. मला वाटलं, जुन्या आठवणींनी त्रास होत असेल.

मैदानाच्या दिवशी दुपारी उन्हातच बारक्या जोड्या सुरू झाल्या. हलगी कडाडत होती. आण्णा स्टेजवर खुर्चीत, गळ्याला मफलर. मी माईक घेतला आणि आण्णा बोलायला लागले. हो, आण्णाच. हुबेहूब. पहिल्यांदा लोक चमकले, मग टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आण्णा परत आलं रं!" माझी कॉलर ताठ झाली. चार जोड्या झाल्या, पाच झाल्या, आता एक नंबरची कुस्ती कुठं जातीय, असं मला वाटायला लागलं.

सहाव्या जोडीला आण्णा खुर्चीतून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माईकवर पंजा ठेवला. कुस्ती चालू असताना! मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले.

"मी मेलोय काय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. मी चिडून म्हटलं, "मग करू तरी काय?"

"तू बोल."

एवढंच म्हणून ते जाऊन बसले. खरं सांगते, तो माईक त्यांच्या पायापाशी आपटून खाली उतरावं असं मला वाटलं. कुणासाठी चाललंय हे सगळं? महिनाभर घसा कुणासाठी फोडला? पण मातीतल्या दोघांपैकी एकानं तेवढ्यात खाली वाकून पट काढला होता. कुस्ती कुणासाठी थांबत नाही. मी बोलले. जो आवाज आला तो बारीक होता, वर्गातला होता आणि माझा होता. दोन नावं चुकले. एक वाक्य मागं राहिलं.

"ओ मॅडम," पुढनं कुणीतरी ओरडलं, "शाळा हाय व्हय ही?"

"शाळाच हाय!" मी माईकवरनंच सांगितलं. "आणि पुढची हुबी मंडळी बसून घ्या, न्हायतर बाकावर हुबं करीन एकेकाला!"

मैदानभर हशा झाला आणि पुढची रांग बसली. खरंच बसली. आण्णा तीस वर्षं त्यांना बसा म्हणत होते, हात जोडून म्हणत होते, कुणी बसलं नव्हतं. मग मात्र मला धार आली. मी आण्णांना विसरले, कॅसेटी विसरले आणि पैलवानांच्या अंगाकडं बघायला लागले. पाय पडला की बोलायचं, पकड सुटायच्या आत संपवायचं. चुकलेल्या डावाला वर्गात ओरडते तशी ओरडले, जिंकलेल्याला पाठ थोपटावी तसं बोलले. ऊन उतरायला लागलं तेव्हा थोरले पंच स्टेजच्या कडेला आले आणि म्हणाले, "एक नंबरला तुमीच." सांगलीवाल्या निवेदकांनी स्वतःच्या पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली. भला माणूस.

एक नंबरच्या कुस्तीआधी सत्कार ठेवला होता. आण्णांना फेटा बांधला, शाल घातली. पंचांनी माझ्याकडून माईक घेतला, सवयीनं आण्णांच्या तोंडापुढं धरला, मग चूक लक्षात येऊन बिचारे ओशाळले आणि हात मागं घ्यायला लागले. आण्णांनी तो हात धरून ठेवला. दुसऱ्या हातानं माझं कोपर धरून मला शेजारी ओढलं आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

हलगी थांबली. आण्णांचे ओठ उघडले आणि मी बोलले.

"राम राम मंडळी."

त्यांचा आवाज काढला नाही. त्यांचे ओठ मिटले की मी थांबत होते, उघडले की बोलत होते.

"माझा आवाज गेला, तुमास्नी म्हाईतच हाय. रडायचं काम न्हाय. तीस वर्सं ऐकलंसा. लई झालं."

आण्णांनी दम घेतला आणि पुढचं म्हणाले. ते मी बोलले नाही. ते थांबले आणि तेच पुन्हा म्हणाले.

"ही माझा आवाज न्हाय," मी मैदानाला सांगितलं. "ही माझी लेक. हिचा आवाज हिचाच हाय. फुडच्या वर्सी हिला बोलवा." आणि मग त्यांच्या ओठांवर तीन शब्द आले.

ज्या जागेसाठी मी इथवर आले होते, ती ते माझ्याच तोंडानं सोडत होते. आई घरी होती, एवढ्या मैदानात त्यांचे ओठ वाचणारी मी एकटी. "दोघास्नी बोलवा" म्हटलं असतं तर ओठांच्या मापात बसलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. पण आण्णांचे कान शाबूत होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

"मला बोलवू नका," मी म्हणाले.

माझा आवाज फाटला, पण शब्द पुरे आले. आण्णांनी मान हलवली, पंचांच्या हातातला माईक घेऊन माझ्या हातात दिला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरले. कुणीतरी खुर्ची घेऊन पळत आलं, त्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं. पुढच्या रांगेतल्यांनी सरकून जागा केली. शालीचा घोळ सावरून ते तिथं जमिनीवर मांडी घालून बसले. एक नंबरचे पैलवान सलामी देत आत आले, मी माईक तोंडाशी धरला, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकायला माझ्याकडं मान वर केली, तशी आण्णांनीही केली.